यंत्राचे बिऱ्हाड

केंद्र सरकारच्या नोकरीत माणूस दोन विद्या कोणी न शिकविता शिकतो. एक बिऱ्हाड हलविण्याची, दुसरी कामाचा भार दुसऱ्याच्या हाती सोपविण्याची. पहिलीत गोणपाट, सुतळी आणि शेजाऱ्यांची मदत लागते. दुसरीत सूची, पाने मोजण्याची चिकाटी आणि दोन सह्या. बदलीचा हुकूम हाती पडला की दोन्ही एकदमच उपयोगात आणाव्या लागतात. २०२५ च्या डिसेंबरात असा हुकूम निघाला खरा, पण तो माझ्या नावाने नव्हता. तो निघाला होता आमच्या घरातील संगणकाच्या नावाने.

हा संगणक वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, २०१४ साली घेतला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या घरात उत्तरेकडच्या खिडकीपाशी त्याचे टेबल आहे. त्यात चालणारी विंडोज १० ही कार्यप्रणाली १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सेवानिवृत्त झाली. म्हणजे तिला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या त्या दिवशी थांबल्या. पुढची आवृत्ती २०२१ सालीच निघालेली. पण सरकारी भरतीला जशी वयोमर्यादा असते तशी तिलाही आहे. यंत्रात सुरक्षेची अमुक एक सोय हवी, प्रोसेसर तमुक पिढीच्या अलीकडचा हवा. आमचे यंत्र त्या मर्यादेत बसणारे नव्हते. याबद्दल माझी तक्रार नाही. नियमांची कलमे लावण्यातच ज्याची उमेदीची वर्षे चालली आहेत, त्याने कलमांवर रुसावे कसे? प्रश्न एवढाच होता की, धडधाकट यंत्र केवळ वयामुळे भंगारात द्यावयाचे, की त्याला दुसरी चाकरी शोधून द्यावयाची.

धडधाकट म्हटले खरे, पण त्याची हार्ड डिस्क मात्र थकली होती. हार्ड डिस्क म्हणजे बंद डबीत मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चकत्या आणि त्यांना स्पर्श न करता, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावरून फिरणारे वाचक टोक. १९५६ साली आय. बी. एम. ने अशी पहिली डिस्क आणली, तेव्हा दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्यांत मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज मनगटाएवढ्या डबीत त्याच्या लक्षपट मजकूर राहतो. पण फिरणारी चकती आणि तिच्यावरून हिंडणारे टोक, ही मूळ कल्पना तीच. आणि जे फिरते त्याला आवाज असतो. आमच्या डिस्कचा एक बारीक घुमारा होता आणि मधूनच कोणी सुपारी कातरावी तशी कटकट होई. आई स्वयंपाकघरातूनच सांगत असे, "हे लिहायला बसलेत, आता तासभर चहाचं विचारू नका." अण्णा २०१९ साली गेले. त्यानंतर यंत्र कोणीही सुरू केले तरी त्या घुमाऱ्यासरशी आईचा हात क्षणभर थांबे आणि मग पुन्हा कामाला लागे. हे मी पाहिले होते. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने यंत्राची तपासणी केली आणि वैद्यकीय मंडळाच्या थाटात निकाल दिला : "मामा, नवा संगणक घेऊ नकोस. नवा ड्राइव्ह बसवू आणि लिनक्स घालू. अजून पाच-सहा वर्षं सहज चालेल."

लिनक्सचे नाव मी ऐकून होतो. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉर्व्हाल्ड्‌स नावाच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना पाहण्यास, बदलण्यास व वाटण्यास मोकळा ठेवला. पुढे त्या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळी घरे बांधली. भाच्याने निवडलेले घर लिनक्स मिंट या नावाचे होते. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. ते पेन ड्राइव्हवरून थेट चालवून पाहता येते. यंत्रातल्या जुन्या मजकुराला हातही लावावा लागत नाही. घर भाड्याने घेण्यापूर्वी चार दिवस पाहुणा म्हणून राहून नळाला पाणी येते की नाही, शेजारी कसे आहेत, हे बघण्याची सवलत मनुष्यमात्राला कोठे मिळते? आम्ही चार दिवस तसे राहिलो. छपाईयंत्र ओळखले गेले, आवाज ऐकू आला, चित्रे दिसली. मग जुनी डिस्क काढून पत्त्यांच्या जोडापेक्षाही पातळ असा सॉलिड स्टेट ड्राइव्ह तिच्या जागी बसविला.

मजकूर हलविण्याचे काम मात्र मी भाच्याच्या हाती दिले नाही. ते माझ्या विद्येतले होते. आधी सर्व फाइली एका बाहेरच्या डिस्कवर उतरविल्या, तेथून नव्या ड्राइव्हवर आणल्या आणि मग मोजणीला बसलो. नुसती संख्या जुळून भागत नाही, हे कोणताही कारकून जाणतो. पाने तेवढीच असून एखादे बदललेले असू शकते. यासाठी संगणकाकडे चेकसम नावाची एक सुरेख युक्ती आहे. फाइलमधील संपूर्ण मजकुरावरून गणिताने तिचा एक ठसा काढावयाचा. आम्ही वापरलेल्या रीतीत तो ६४ चिन्हांचा होता. मजकुरातील एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. दोन्हीकडच्या ठशांच्या याद्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. तंतोतंत जुळल्या. कार्यालयात अशा वेळी एक जण 'कार्यभार सोपविला' म्हणून सही करतो आणि दुसरा 'कार्यभार घेतला' म्हणून. येथे दोन्ही सह्या मीच मनातल्या मनात केल्या.

यंत्र सुरू केले. पूर्वी चार मिनिटे लागत, आता वीस सेकंदांत पडदा उजळला. घरात आवाज असा कोठेच झाला नाही. नव्या ड्राइव्हमध्ये फिरणारे काही नसते. मजकूर विद्युत्‌भाराच्या रूपाने स्थिर पेशींत राहतो. थोड्या वेळाने आई दारात येऊन उभी राहिली. "चालू झाला?" तिने विचारले. मी हो म्हटले. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि आत गेली.

त्या रात्री मी अण्णांच्या टिपणांचा कप्पा उघडला. निवृत्तीनंतरच्या अकरा-बारा वर्षांत त्यांनी दोनशे तीसच्या आसपास पाने लिहिली होती. फाइलींची नावे जागेवर होती, तारखा जागेवर होत्या, ठसे तर मी स्वतःच ताडले होते. पण पडद्यावर जे उमटले ते मराठी नव्हते. ते काहीच नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे आणि अधूनमधून कोणा युरोपीय भाषेतली टोपी घातलेली अक्षरे, यांची नुसती मिसळ. एकही कागद न हरवता सर्व काही हरवले होते.

असा प्रकार आमच्या घरात पूर्वी एकदा घडून गेलेला आहे. माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पणजोबांच्या वेळचे कागद आहेत, सगळे मोडीत. ग्वाल्हेर दरबारचे दप्तर एके काळी मोडी मराठीत चाले आणि सामान्य माणसाचा जमाखर्चही. ती पेटी तीन घरे फिरली. प्रत्येक वेळी ती सर्वांआधी हलविली गेली आणि सर्वांत सुरक्षित कोपऱ्यात ठेवली गेली. कसरीपासून ती जपली, ओलीपासून जपली. फक्त ती वाचणारा माणूस आजोबांनंतर कोणी राहिला नाही. त्या कागदांत जमिनीचा दस्तऐवज आहे की वाण्याची उधारी, हे आज आमच्यापैकी कोणी सांगू शकणार नाही.

अण्णांच्या पानांची गोष्ट मात्र निराळी निघाली आणि तिचे कारण भाच्याने समजावून दिले. अण्णांनी वापरलेला फॉन्ट जुन्या रीतीचा होता. त्या काळच्या अशा फॉन्टमध्ये २५६ घरांचा एक तक्ता असे. इंग्रजी अक्षरांच्या त्या घरांतच देवनागरीचे तुकडे बसविलेले असत : कोठे अर्धा क, कोठे काना, कोठे नुसती वेलांटी. पडद्यावर ळ दिसे. यंत्राच्या लेखी मात्र ते कुठलेसे इंग्रजी चिन्ह असे. त्या फॉन्टचा चष्मा डोळ्यांवर आहे तोवर मराठी. चष्मा काढला की काहीच नाही. जुन्या घरातून सामान आले होते, चष्मा तेवढा तिकडे राहिला होता. भाच्याने तो आणून बसविला आणि क्षणात अण्णांची पाने जशीच्या तशी उभी राहिली. मी सुस्कारा टाकला. भाचा मात्र म्हणाला, "मामा, हे किती दिवस चालणार? प्रत्येक वेळी हा फॉन्ट पाठीवर बांधून नेणार का?"

त्याचे म्हणणे रास्त होते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ सालीच भारतीय मानक ठरले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ घरांचा स्वतःचा पाडा मिळालेला आहे. तेथे ळ हा ळच असतो; चष्मा कोणताही लावा. तेव्हा अण्णांचा मजकूर त्या पाड्यात नेऊन वसविणे हाच खरा स्थलांतराचा उपाय होता.

वाटते तितके ते सोपे नसते. जुना फॉन्ट छापखान्यातल्या जुळाऱ्यासारखा होता. डोळ्याला जे आधी दिसे ते तो आधी मांडी. 'दिवा' लिहिताना आधी वेलांटी, मग द. युनिकोड जिभेचा क्रम पाळतो : आधी व्यंजन, मग स्वर. 'धर्म' या शब्दातला रफार डोळ्याला शेवटी दिसतो, पण जिभेवर तो म च्या आधी येतो. तेव्हा तेथेही अदलाबदल हवी. भाच्याने या अदलाबदलींचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याने शंभरातले पंचाण्णव शब्द बिनचूक आणले. उरलेले पाच माझ्या वाट्याला आले आणि जानेवारीच्या थंडीतल्या संध्याकाळी त्यांच्यात गेल्या.

मराठीचा जो खास र आहे, पापणीच्या केसासारखा आडवा झुकणारा, तो प्रोग्रॅमला उमगत नव्हता. प्रत्येक ठिकाणी तो सरळ रफार देऊन मोकळा होई. त्यामुळे 'दऱ्या' चे 'दर्या' झाले आणि डोंगराखाली समुद्र आले. आत्याच्या लग्नाच्या वर्णनात अण्णांनी लिहिले होते की, पहाटे उठून आचाऱ्यांना कणीक काढून द्यावी लागली. रूपांतरात आचार्यांना कणीक काढून द्यावी लागली! पंगतीत बसण्याऐवजी चुलीपाशी बसलेले ते आचार्य पाहून मला एकट्यालाच हसू आले आणि आईला बोलावून वाचून दाखवावे लागले. आईही हसली, मग म्हणाली, "पुढचं वाच." त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी खुर्ची ओढून शेजारी बसू लागली.

या दुरुस्त्या करताना एक गंमत ध्यानात आली. कार्यालयात मी दिवसभर इनस्क्रिप्ट पद्धतीने हिंदी टंकलेखन करतो. तीच कळपाटी मराठीलाही चालते. तेथे र च्या कळीवर शिफ्ट दाबला की ऱ येतो आणि ल च्या कळीवर शिफ्ट दाबला की ळ. कार्यालयातल्या हिंदी कामात इतक्या वर्षांत हे दोन शिफ्ट मला दाबावे लागल्याचे आठवत नाही. घरी मात्र पानोपानी बोट तेथे जाऊ लागले. दिवसा विसावलेली ती दोन अक्षरे रात्री कामावर रुजू होत. परप्रांतातल्या मराठी माणसाचे मराठीपण शेवटी एवढ्याच कळांत साठलेले असते की काय, असे कधी कधी वाटे.

टिपणांत मध्येच आजोबांच्या वहीतला उतारा येई. तो अण्णांनी जसाच्या तसा उतरवून घेतलेला; 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असा सानुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार निकालात काढले, आणि नव्या यंत्राचा शुद्धलेखन-तपासनीस त्यांच्याखाली इमानाने तांबड्या रेघा ओढी. मी ते अनुस्वार राहू दिले. ते आजोबांचे होते. त्यांना नव्या नियमांची नोटीस पोचलेली नव्हती.

सर्वांत जास्त वेळ मी घालविला तो शेवटच्या फाइलीवर. तिचे नाव होते 'घरातले शब्द'. फडताळ, शिंके, कोनाडा, घडवंची असे सुमारे दीडशे शब्द आणि प्रत्येकापुढे दोन-तीन ओळींत अर्थ. अण्णा हे कोणासाठी लिहीत होते, हे मला त्यांच्या हयातीत कधी विचारावेसे वाटले नव्हते. माझी मुलगी तेव्हा दोन-तीन वर्षांची होती. 'बिऱ्हाड' या शब्दापुढे त्यांनी लिहिले आहे : "आपण लष्करात राहतो. लष्कर म्हणजे छावणी. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास येथे पडली, तीच पुढे शहर झाली. म्हणजे आपण सगळे बिऱ्हाडकरूच. दोनशे वर्षे झाली, सामान अजून पुरते सोडलेले नाही." प्रोग्रॅमने त्या शब्दातला ऱ मोडला होता. मी शिफ्ट दाबून तो नीट बसविला.

काम संपले असे वाटत असतानाच नऊ वर्षांच्या मुलीने पडद्याकडे पाहून विचारले, "बाबा, आजोबांचा ल आमच्या शाळेतल्यासारखा कसा झाला?" मी पाहिले तो खरेच. जुन्या फॉन्टमध्ये ल पाकळ्यांचा होता आणि श देठाचा. आता ल ला उजवीकडे उभा दंड आला होता आणि श ला हिंदीतल्यासारखी गाठ. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचे जे प्रमाणरूप ठरविले, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे मानले आहेत. पण ती अक्षरे ग्वाल्हेरच्या शाळेत कोण दाखविणार?

भाच्याला विचारले. तो म्हणाला, अक्षर बदललेले नाही. पाड्यात ल चे घर एकच आहे, हिंदीचे आणि मराठीचे वेगळे नाही. कित्येक फॉन्टमध्ये दोन्ही आकृत्या ठेवलेल्या असतात. ही भाषा कोणती, हे यंत्राला सांगितलेले नसेल तर ते आपले नेहमीचे रूप दाखविते. त्याने मजकुराची भाषा 'हिंदी' होती ती बदलून 'मराठी' केली आणि दोनशे तीस पानांतले सगळे ल एका क्षणात पाकळ्या उमलून उभे राहिले. मजकुरातली एक मात्रा इकडची तिकडे झाली नव्हती.

मी बराच वेळ त्या पडद्यापुढे बसून राहिलो. आम्हा बृहन्महाराष्ट्रातल्या माणसांना आपल्या मराठीची नेहमी एक चोरटी लाज वाटत आलेली आहे. पुण्याचा पाहुणा आला की आपले 'तो मैंने सोचा' छापाचे वाक्य जिभेवरच अडविण्याची धांदल उडते. आपला ल दंडाचा झाला आहे, हे आपल्याला ठाऊक असते. पण दंडाचा ल हाही ल च्याच घरात राहतो. कोणी आपुलकीने भाषा सांगितली की त्याला आपले रूप आठवते. खरी भीती त्याची नाही. भीती वाटावी ती अण्णांच्या जुन्या फॉन्टची, जो पाहताना अगदी मराठमोळा दिसे आणि आत मात्र भलतीच चिन्हे बाळगून असे. उत्सवात फेटा, दारावर मराठी पाटी, दिवाळीला चकली. हे सारे डोळ्यांना मराठी दिसते आणि ते असावेही. परंतु पुढच्या पिढीने ते दुसऱ्या घरी नेले आणि चष्मा मागे राहिला, तर उरणार काय? मोडीची पेटी जपणारे आमचे वाडवडील निष्काळजी नव्हते. त्यांनी कागद जपले. वाचणे जपावयाचे राहून गेले.

अण्णांची पाने मी आता छापूनही घेतली आहेत. 'घरातले शब्द' या फाइलीत मुलगी रोज एक शब्द वाचते. न समजल्यास आजीला विचारते, आणि आजीचे उत्तर बहुधा अण्णांच्या अर्थाशी जुळत नाही. त्यावर दोघींचा वाद चालतो. परवा तिने पाकळ्यांचा ल गिरवून पाहिला. शाळेत असा काढू का, म्हणून विचारले. मी काही सांगण्यापूर्वी तिने स्वतःच ठरविले : शाळेच्या वहीत दंडाचा आणि घरच्या वहीत पाकळ्यांचा. "दोन्ही लच आहेत ना?" ती म्हणाली आणि वही घेऊन आईकडे, म्हणजे तिच्या आजीकडे, दाखवायला गेली.